स्कूबाच्या पहिल्या कोर्ससाठी स्वतःचं सामान: काय घ्यायचं, कसं पारखायचं, कशासाठी थांबायचं

स्कूबाच्या पहिल्या कोर्ससाठी स्वतःच्या पैशांनी घ्यायलाच हवी अशी वस्तू माझ्या मते एकच आहे, ती म्हणजे मास्क. त्यानंतर फिन्स (पायाला लावायचे रबरी पंख), त्यांच्यासोबतचे बूट आणि स्नॉर्कल (पृष्ठभागावर पोहताना श्वास घ्यायची नळी). बाकी सगळं, म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र), बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट), कमरेची वजनं आणि बहुतेक ठिकाणी वेटसूटसुद्धा (ऊब देणारा अंगाबरोबरचा सूट), प्रशिक्षण केंद्र देतं. कोर्स संपेपर्यंत तेच वापरावं. जी वस्तू तुमच्या चेहऱ्याला किंवा पावलाला नेमकी बसायला हवी, ती दुसऱ्याच्या मापाची चालत नाही. जी वस्तू यंत्र आहे, ती निवडायला आधी पाण्याखालचा थोडा अनुभव लागतो, आणि तो कोर्समध्येच मिळणार असतो.

नवशिक्यांची खरेदी नेमकी उलटी होताना दिसते. महागडा डाइव्ह कॉम्प्युटर मनगटावर असतो आणि चेहऱ्यावर दहा जणांनी वापरलेला, कडेने पाणी झिरपणारा केंद्राचा मास्क. मग पहिल्या सत्रात नाकात पाणी जातं, छाती धडधडते आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं वाटायला लागतं. यातली निम्मी भीती पाण्याची नसते, मास्कची असते. म्हणून हा लेखही मास्कवर सगळ्यात जास्त वेळ थांबणार आहे.

खरेदीआधी केंद्राला काय विचारायचं

दुकानात जाण्याआधी जिथे कोर्स करणार आहात तिथे विचारून घ्या. कोणकोणतं सामान शुल्कात धरलेलं आहे? सराव तलावात होणार की थेट समुद्रात? त्या दिवसांत पाण्याचं तापमान किती असतं? पाण्यात उतरायचं बोटीवरून की किनाऱ्यावरून चालत? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर तुमचे फिन्स आणि बूट ठरतात. खडकाळ किनाऱ्यावरून चालत जायचं असेल तर अनवाणी पायात घालायचे फिन्स कामाचे नाहीत.

कोर्सआधी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते आणि काही उत्तरांवर डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात. दमा, कानाचा जुना त्रास, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असं काही असेल तर ते आधी निस्तरा. सामानाला हात त्यानंतर लावा.

मास्क: पोहण्याचा गॉगल का चालत नाही

पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एक वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, आणि पहिल्या कोर्सनंतर साधारणपणे ज्या १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळते तिथे २.८. तेवढ्या खोलीवर मास्कमधली हवा आकुंचन पावून जवळजवळ एक तृतीयांश होऊ पाहते. ती भरून काढली नाही तर मास्क चेहऱ्यावर शोषला जातो, डोळ्यांभोवती वळ उठतात आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून डोळे लालभडक होतात. उपाय सोपा आहे: खाली जाताना मधूनमधून नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडायची. त्यासाठी नाक मास्कच्या आत हवं. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं, म्हणून तो डाइव्हिंगला बाद.

संपूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्कलिंग मास्क हल्ली खूप दिसतात. तेही इथे चालत नाहीत. त्यात रेग्युलेटर तोंडात घेता येत नाही आणि खाली जाताना दाबाने दडे बसलेले कान मोकळे करण्यासाठी नाकही दाबता येत नाही.

योग्य मास्कची अंगं थोडक्यात अशी. काच टेम्पर्ड असावी. काचेच्या कोपऱ्यात ‘टेम्पर्ड’ असं किंवा नुसतं ‘टी’ हे अक्षर कोरलेलं असतं. अशी काच फुटलीच तर धारदार सुळे न होता बारीक तुकडे होतात. चेहऱ्याला टेकणारी कड, जिला स्कर्ट म्हणतात, ती मऊ सिलिकॉनची आणि दुहेरी पापुद्र्याची असावी. नाकाची जागा वेगळी आणि बाहेरून चिमटीत धरता येईल अशी हवी. बकल हाताला सहज सापडावीत आणि पट्टा दोन्ही बाजूंनी सैल-घट्ट करता यावा.

एक काच की दोन? एका काचेच्या मास्कमध्ये मध्ये पट्टी येत नाही, त्यामुळे समोरचं मोकळं दिसतं. दोन काचांचा मास्क सहसा डोळ्यांच्या अधिक जवळ बसतो. त्यात हवा कमी मावते, म्हणून आत शिरलेलं पाणी एका छोट्या श्वासात बाहेर काढता येतं. शिवाय नंबरच्या काचा बहुधा यातच बसतात. नवशिक्याला मी कमी हवेचा, दोन काचांचा मास्क सुचवतो, पण चेहऱ्याला एक काचेचाच बसत असेल तर वाद घालू नका. बसणं हा पहिला निकष आणि बाकी सगळे त्यानंतर.

रंगाचा प्रश्न दिसतो तितका वरवरचा नाही. पारदर्शक स्कर्टमधून बाजूने उजेड आत येतो आणि कोंडल्यासारखं वाटत नाही. बंद जागेत ज्यांना घुसमटतं त्यांनी तोच घ्यावा. काळ्या स्कर्टमुळे बाजूची तिरीप अडते आणि समोरचं ठसठशीत दिसतं. पारदर्शक सिलिकॉन वर्षांनुवर्षांच्या वापराने पिवळट पडतं, पण त्याने कामात फरक पडत नाही.

मास्क चेहऱ्याला बसतो का, हे कसं पाहायचं

‘पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकाने श्वास ओढा, चिकटून राहिला की झालं’ ही परीक्षा सगळेच सांगतात. ती अपुरी आहे. जोरात श्वास ओढला तर बेताचा मास्कसुद्धा चिकटतो, कारण मऊ सिलिकॉन आत खेचलं जाऊन फटी तात्पुरत्या बुजतात. पाण्याखाली तुम्ही सतत श्वास ओढून धरणार नाही. म्हणून परीक्षा या क्रमाने घ्या.

चेहरा स्वच्छ आणि कोरडा असू द्या, क्रीम किंवा मेकअप नको. केस पूर्ण मागे घ्या. पट्टा काचेच्या पुढच्या बाजूला पलटून टाका. आता मान मागे करून छताकडे बघा आणि मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवा. दाबायचं नाही, श्वासही ओढायचा नाही, केवळ मास्कच्या वजनाने तो बसू द्यायचा. सोबत आलेल्या माणसाला कडेने फिरून बघायला सांगा: कपाळाच्या मधोमध, दोन्ही कानशिलांपाशी, गालाच्या हाडावर आणि नाकाखाली वरच्या ओठावर. स्कर्ट सगळीकडे टेकलाय का, की कुठे उजेड दिसतोय? कानशिलाची खोलगट जागा आणि नाकाखालची जागा, फट बहुधा या दोन ठिकाणी सापडते. अरुंद चेहऱ्याच्या लोकांचा मास्क कानशिलापाशी उघडा राहतो, रुंद नाकाच्या लोकांचा नाकाच्या बाजूंना.

इथे पास झाला तरच पुढची पायरी. नाकाने अगदी हलका श्वास आत घ्या, वास घेतल्याइतकाच, आणि तसाच रोखून हात सोडा. आता मान सरळ करून थोडी खाली झुकवा. मास्क जागेवर राहायला हवा. श्वास सोडलात की पडेल, तेव्हा हात खाली तयार ठेवा.

मग तोंडात स्नॉर्कलचा किंवा रेग्युलेटरचा माउथपीस धरून हेच पुन्हा करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात बोलकी. माउथपीस दातांत धरला की वरचा ओठ ताणला जातो, गाल आत-बाहेर होतात आणि कोरड्या चेहऱ्यावर चपखल बसलेला मास्क ओठापाशी उघडतो. पाण्याखाली तुमचा चेहरा पूर्ण वेळ असाच असणार आहे.

आता पट्टा लावा आणि दहाएक मिनिटं दुकानात तसेच हिंडा. नाकाच्या हाडावर किंवा भुवयांच्या मध्ये चौकट टोचते का? काच पापण्यांना लागते का? अंगठा आणि तर्जनीने नाक सहज दाबता येतं का? थंड पाण्यात जाणार असाल तर जाड हातमोजा घालून दाबून बघा. मान न हलवता खाली नजर टाका, स्वतःच्या छातीवरचं बकल दिसायला हवं. बीसीडीचे पट्टे लावताना त्याची गरज पडते.

पट्ट्याबद्दल एक गोष्ट मनात पक्की करा. तो मास्क जागेवर ठेवण्यापुरता असतो, पाणी अडवायचं काम त्याचं नाही. पाणी झिरपलं की लोक पट्टा आवळतात, त्याने स्कर्ट वाकडा होऊन गळती वाढते. डोकं मागे जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे पट्टा बसवा, कानांच्या वरून न्या आणि बेताचाच ओढा.

मिशी असेल तर नाकाखाली थोडं पाणी येणारच. त्याने डाइव्हिंग अडत नाही. नाकपुडीच्या लगतची केसांची एक बारीक पट्टी काढून टाकली तरी स्कर्टला टेकायला जागा मिळते आणि मिशी वाचते.

चष्मा असेल तर

चष्म्याच्या काड्या स्कर्टखालून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे चष्म्यावर मास्क हा मार्ग बंद. नंबर अगदी कमी असेल तर आधी साध्या काचेने पाण्यात उतरून बघा. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वळतात, म्हणून मास्कमधून सगळं खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर आणि सुमारे एक तृतीयांश मोठं दिसतं. चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर भासतो. थोडा उणे नंबर असलेल्यांना एवढ्यावर भागतं.

नंबर जास्त असेल तर दोन काचांच्या अनेक मास्कना अर्ध्या-अर्ध्या डायऑप्टरच्या (म्हणजे अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या) टप्प्यांत तयार काचा मिळतात. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर काचा खास बनवून घ्याव्या लागतात. चाळिशी लागलेल्यांनी आपल्याला जवळचं दिसतं का हे तपासावं, कारण हवेचा दाब दाखवणारा काटा हातभर अंतरावरच वाचायचा असतो. त्यासाठी काचेच्या खालच्या भागात चिकटवायची छोटी भिंगं मिळतात.

सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, रोज बदलायच्या असतील तर उत्तम. मास्कमध्ये पाणी भरायचा आणि मास्क काढून परत घालायचा सराव करताना डोळे मिटून ठेवायचे. लेन्स आहेत हे इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा, म्हणजे मिटलेले डोळे पाहून तो घाबरल्याची खूण समजणार नाही.

स्नॉर्कल: जितका साधा तितका बरा

सिलिंडर पाठीवर असताना स्नॉर्कल कशाला, असं वाटतं. पृष्ठभागावर पोहत जाताना सिलिंडरमधली हवा खर्च होऊ नये म्हणून तो असतो, आणि बऱ्याच कोर्समध्ये स्नॉर्कल सोडून रेग्युलेटर तोंडात घ्यायचा सरावही करून घेतात. रेग्युलेटरची नळी उजव्या खांद्यावरून येते, म्हणून स्नॉर्कल डाव्या बाजूला लावतात.

वाकलेली नळी, वर लाटेचं पाणी अडवणारं साधं झाकण आणि तळाशी पाणी बाहेर फुंकायची झडप, एवढं पुरे. पाण्यात गेल्यावर वरचं तोंड आपोआप बंद करणारे ‘ड्राय’ स्नॉर्कल सोयीचे असतात, पण त्यांचं वरचं टोक जड असतं, पाण्यात ओढ देतं आणि वाळू अडकली तर झडप चिकटते. माउथपीस मऊ सिलिकॉनचा आणि तुमच्या जबड्याच्या मापाचा असावा. तोंडात धरल्यावर दहा मिनिटांत जबडा दुखायला लागला तर दुसरा बघा.

जास्त लांब नळी म्हणजे जास्त सोय, हा समज धोक्याचा आहे. नळीत उरलेली, आपणच सोडलेली हवा पुढच्या श्वासात परत आत येते, आणि नळी जितकी लांब आणि रुंद तितकी ही शिळी हवा जास्त. मुलांसाठी म्हणूनच लहान मापाचा स्नॉर्कल घ्यावा.

फिन्स आणि बूट: आधी बूट, मग फिन्स

पायाला लावायच्या रबरी फिन्सचं पेटंट फ्रान्सच्या लुई द कॉर्लियू यांनी १९३३ मध्ये घेतलं. तेव्हापासून पाती लांब झाली, छोटी झाली, मधून चिरली गेली, पण निवडीचा पहिला प्रश्न पात्याचा नाहीच. पाऊल ज्या कप्प्यात बसतं तो कप्पा नीट आहे का, हे आधी बघायचं.

प्रकार दोन. एकात संपूर्ण पाऊल बुटासारखं आत जातं. हे हलके, आटोपशीर आणि उबदार पाण्यात, बोटीवरून उतरण्यासाठी छान. दुसऱ्यात टाच उघडी असते, मागे पट्टा किंवा स्प्रिंग असते आणि आत निओप्रीनचा (बारीक बुडबुडे असलेल्या मऊ रबराचा) बूट घालावा लागतो. पुढे वेगवेगळ्या ठिकाणी डाइव्ह करायचा विचार असेल तर दुसरा प्रकार घ्या. किनाऱ्यावर चालता येतं, गरम बोटीच्या फळीवर पाय भाजत नाहीत, टाचा सोलवटत नाहीत आणि बुटाची जाडी बदलून थंड पाण्यातही तेच फिन्स वापरता येतात.

बूट घेताना ३ किंवा ५ मिलिमीटर जाडी, घोट्याच्या वरपर्यंत उंची आणि घसरणार नाही असा जाड तळवा बघा. बूट अंगाबरोबर बसायला हवा. बोटांपुढे पोकळी राहिली तर तिथे हवा किंवा पाणी साचतं, आणि बोटं दुमडत असतील तर तासाभरात पाय बधिर होतो. झिप पूर्ण लावून उकिडवे बसून बघा.

मग तोच बूट पायात ठेवून फिन्स घालून बघा. अनवाणी पायाने फिन्सचं माप घेतलं तर ते हमखास चुकतं. बसलेले असताना पाय उचलून घोट्यातून हलवा. पातं पायाबरोबर हललं पाहिजे, वेगळं डुगडुगता कामा नये. पाऊल कप्प्यात पुढपर्यंत जावं, पण बुटाचं टोक आवळलं जाऊ नये. कप्पा घट्ट असेल तर रक्तपुरवठा कमी होतो आणि पोटऱ्यांत गोळे येतात. सैल असेल तर प्रत्येक फटक्याला पाऊल आत सरकतं आणि बोटं वळवून फिन धरून ठेवायची सवय लागते. तिचा शेवटही गोळे येण्यातच होतो.

पात्याच्या कडकपणाबद्दल माझं मत ठाम आहे: मध्यम. कडक पात्याने वेग मिळतो, पण तो मांडीच्या स्नायूंच्या जिवावर, आणि नवशिक्याचे ते स्नायू तयार नसतात. फार मऊ पातं प्रवाहात कमी पडतं. मधून चिरलेल्या पात्यांना कष्ट कमी पडतात हे खरं, पण जागच्या जागी वळणं, मागे सरकणं, बेडकासारखा फटका मारणं यांत साधं एकसंध पातं जास्त ऐकतं. तुम्ही नेमक्या याच गोष्टी शिकायला चालला आहात. श्वास रोखून डाइव्ह करणारे वापरतात ती लांबलचक पाती पहिल्या कोर्ससाठी अजिबात घेऊ नका, ती तळाची वाळूही ढवळतात आणि शेजाऱ्याचा मास्कही उडवतात.

मागचा पट्टा स्प्रिंगचा असेल तर एका हाताने ओढून काढता येतो आणि तो सहसा तुटत नाही. प्लॅस्टिकच्या बकलचा पट्टा स्वस्त पडतो, पण जास्तीची एक जोडी पिशवीत ठेवावी लागते.

वेटसूट: माप कळलं तरी पुरे

वेटसूट अंगाशी पाण्याचा थर धरतो आणि ते पाणी तापून ऊब देतं, असं सगळीकडे सांगितलं जातं. खरी ऊब निओप्रीनमधल्या वायूच्या असंख्य बारीक बुडबुड्यांची असते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने हीच गोष्ट ओळखली, की उबदार राहायला कोरडं राहावं लागत नाही. आत शिरलेलं पाणी थोडं असावं आणि ते सारखं बदलू नये, म्हणून सूट अंगाबरोबर बसावा लागतो.

पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. त्यामुळे किनाऱ्यावर घाम फोडणाऱ्या दिवशीही पाऊण तासाच्या डाइव्हमध्ये दात वाजू शकतात, आणि कोर्समध्ये तर गुडघ्यांवर बसून आपली पाळी येण्याची वाट बघण्यातच बराच वेळ जातो. ढोबळ हिशेब असा: २७-२८ अंशांच्या वर पातळ किंवा अर्ध्या बाह्यांचा सूट, त्याखाली २४ च्या आसपास ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट, २० च्या आसपास ५, त्याहून थंड असेल तर ७ मिलिमीटर आणि टोपी. १० अंशांच्या आसपास ड्रायसूटच (आत पाणी शिरू न देणारा सूट) लागतो आणि त्याचं प्रशिक्षण वेगळं असतं. तुम्हाला लवकर थंडी वाजत असेल तर एक पायरी जाड घ्या.

पहिल्या कोर्ससाठी सूट विकत घेऊ नका, केंद्राचाच वापरा. तुम्ही पुढे कुठल्या पाण्यात जाणार हे अजून ठरलेलं नसतं. मात्र केंद्राने दिलेला सूट बसतो का, हे स्वतः पारखा. कमरेच्या खोलगट भागात, काखेत आणि जांघेत पोकळी नको. दोन्ही हात वर करून पूर्ण श्वास घेता यायला हवा. गळा बोट जाईल इतपत मोकळा हवा, कारण मानेवर सतत दाब राहिला तर गरगरतं, आणि पाण्याखाली त्याचं कारण ध्यानात येत नाही. सूट पायात चढत नसेल तर पावलाला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि मग घाला, क्षणात सरकतो. आतून घालायला अंगाबरोबरचा पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट स्वतःचा ठेवा. भाड्याच्या सूटमध्ये तो स्वच्छतेच्या दृष्टीने हवाच.

दाबाखाली निओप्रीनमधले बुडबुडे दबतात. खोलीवर सूट पातळ होतो, ऊब घटते आणि तरंगण्याची ताकदही कमी होते. रोज वेगळा सूट मिळत असेल तर वजन किती लावायचं हे रोज नव्याने तपासून घ्या, कालचा आकडा आज लागू होईलच असं नाही.

कशासाठी थांबायचं

रेग्युलेटर आणि बीसीडी यांच्याकडे सध्या बघूही नका. रेग्युलेटरची साधारण दर वर्षी तपासणी-दुरुस्ती करून घ्यावी लागते, सिलिंडरला जोडायच्या दोन पद्धती आहेत, योक आणि डिन, आणि तुम्ही जिथे जास्त डाइव्ह कराल तिथे कोणती चालते यावर निवड ठरते. बीसीडी जॅकेटसारखा हवा की पाठीमागे फुगणारा, हे पाण्यात दोन्हींत तरंगून पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

पुढे पहिली मोठी खरेदी करायची असेल तर ती डाइव्ह कॉम्प्युटरची करा. तो खोली, वेळ आणि आणखी किती वेळ थांबता येईल हे सांगतो, आणि हा हिशेब प्रत्येकाचा वेगळा असतो, सोबत्याच्या कॉम्प्युटरवर आपलं चालत नाही. आकडे मोठे, बटणं थोडी, बॅटरी स्वतः बदलता किंवा चार्ज करता येईल असा, आणि नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेची) सोय असलेला साधा कॉम्प्युटर वर्षानुवर्षं पुरतो. पण कोर्समध्ये त्याची भाषा शिकून मग घ्या.

कॅमेरा, चाकू, टॉर्च आता नको. हातमोजे थंड पाण्यात गरजेचे असतात, पण काही संरक्षित प्रवाळक्षेत्रांत त्यांना मनाई असते. हात झाकलेले असले की माणूस प्रवाळाला धरायला धजावतो, म्हणून.

वापरलेलं सामान घ्यायचं झालं तर फिन्स आणि बूट बिनधास्त घ्या, फक्त पट्ट्याच्या टोकांशी चिरा नाहीत ना आणि तळवा सुटलेला नाही ना, ते बघा. मास्कचा स्कर्ट चिकट लागत असेल किंवा दुमडल्याची खूण कायम राहिली असेल तर सोडून द्या.

नवा मास्क पाण्यात जाण्याआधी

नव्या मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातल्या सिलिकॉनचा अदृश्य थर असतो. तो काढला नाही तर काच पहिल्याच मिनिटाला धुरकट होते आणि मग थुंकी, शाम्पू, कशाचाच उपयोग होत नाही. आधी सोबतची सूचना वाचा. काचेवर धुकं न धरणारा किंवा रंगीत लेप दिलेला असेल तर पुढचा प्रकार करू नका, लेप निघून जाईल.

साधी काच असेल तर पांढरी, जेल नसलेली टूथपेस्ट घ्या. कोरड्या काचेच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढी लावा आणि बोटाच्या पेराने गोल गोल घासा, दोन-तीन मिनिटं, कोपऱ्यांपर्यंत. स्वच्छ धुवा, पुसा आणि काचेवर तोंडाने वाफ सोडा. वाफ जाड पांढरी बसून तशीच राहिली तर अजून थर आहे, पुन्हा घासा. दोन-चार वेळा करावं लागतं. लायटरच्या ज्योतीने हा थर जाळण्याची पद्धतही आहे, पण एक क्षण जास्त झाला की स्कर्ट किंवा चौकट वितळते, म्हणून नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

त्यानंतर प्रत्येक डाइव्हआधी काचेच्या आतून थुंकी किंवा पाण्यात पातळ केलेला बेबी शाम्पू फिरवायचा आणि पाण्यात एकदाच हलकं विसळायचं. काच कोरडी असताना लावलं तर जास्त टिकतं.

कोर्सच्या आधी एखाद्या उथळ तलावात, पाय टेकतील अशा पाण्यात, कोणीतरी सोबत असताना मास्क, स्नॉर्कल आणि फिन्स घालून तासभर पोहा. चेहरा पाण्यात घालून शांत श्वास घ्या. मग उभे राहून मास्कची खालची कड किंचित उचलून आत थोडं पाणी येऊ द्या, वरची चौकट कपाळावर दाबून धरा, नजर वर करा आणि नाकातून सावकाश श्वास सोडा. पाणी खालून निघून जातं. कोर्समध्ये हेच पाण्याखाली करायचं असतं, अर्धा भरलेला मास्क, पूर्ण भरलेला मास्क, आणि मग मास्क काढून काही वेळ नुसता श्वास. पाण्याखाली श्वास रोखून लांब पोहायचे प्रयोग मात्र या सरावात करू नका.

फिन्स घालून जमिनीवर पुढे चालू नका, पातं दुमडून तोंडघशी पडाल. मागे मागे चाला, किंवा पाण्यापाशीच घाला. मास्क कपाळावर चढवायची सवयही आत्ताच मोडा. लाट आली की तो तिथून जातो, शिवाय अनेक ठिकाणी कपाळावरचा मास्क अडचणीत असल्याची खूण मानतात. काढायचा असेल तेव्हा गळ्यात घ्या.

सगळ्यावर नाव लिहा. बोटीवर एकसारखे चार काळे फिन्स असतात.

समुद्रातून आलं की सगळं गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, बकलं आणि झिप हलवून मीठ काढा आणि सावलीत वाळवा. उन्हात निओप्रीन आणि सिलिकॉन दोन्ही लवकर म्हातारे होतात. मास्क कडक डबीत ठेवा, स्कर्ट कुठे दबणार नाही असा. पारदर्शक मास्क काळ्या रबराला चिकटवून ठेवला तर त्याला काळपट डाग पडतो. फिन्स पात्याच्या टोकावर उभे करू नका, पातं वाकडं होऊन तसंच राहतं. ते आडवे ठेवा आणि पाऊल बसायच्या कप्प्यात त्यांच्यासोबत आलेला प्लॅस्टिकचा साचा परत घाला.